पायांचा व्यायाम : मध्यम वजन, जास्त रिपिटेशन (आवर्तनं). मांड्या भरतील का?

मंडळी, जाणकारांचा सल्ला हवाय. वय ४३, राहतो लालबागला, चाळीत तिसऱ्या मजल्यावर. काम बैठं.

पूर्वी खांद्यावर ९० किलोचा बार घेऊन ५-५ चे स्क्वॉट (बैठका) मारायचो. गेल्या पावसाळ्यात कंबर धरली. आता बरी आहे, डॉक्टरांनी व्यायामाला परवानगीही दिलीय, पण जड बारखाली जायची छाती होत नाही. म्हणून दीड महिना ४० किलोवर २० चे तीन सेट मारतोय, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. लेग कर्लही (मांडीच्या मागच्या स्नायूंचा व्यायाम) तसाच. पंधराव्यानंतर मांड्या नुसत्या पेटतात. दुसऱ्या दिवशी दादरचा पूल उतरताना कठडा धरावा लागतो. गंमत म्हणजे चढताना नाही, उतरतानाच.

ट्रेनर म्हणतो, "हा कार्डिओ (दमाचा व्यायाम) झाला, वजन वाढवा." आमचे आजोबा गिरणीतून येऊन नुसत्या बैठका काढायचे आणि मांड्या खांबासारख्या होत्या! कोणाचं खरं मानू? आणि आठवड्यातून किती वेळा करू?

प्रतिसाद :
ट्रेनरचं अर्धं खरं. निव्वळ ताकद वाढवायला जड वजनच लागतं. स्नायू भरायला मात्र ५ ते ३० रिपिटेशनपर्यंत काहीही चालतं, फक्त सेट संपताना अंगात आणखी दोन-तीनच शिल्लक हव्यात. विसाव्या रिपिटेशनलाही गप्पा मारता येत असतील, तर तो खरंच कार्डिओ.

आठवड्यातून दोनदा करा, मध्ये दोन दिवस सोडून. तिन्ही सेट पूर्ण २० निघाले की बारला दोन्हीकडे सव्वा-सव्वा किलोची प्लेट लावा. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो, म्हणून दुखऱ्या मांड्या तिथेच बोंबलतात. दोन-तीन दिवसांत ओसरतं.

तुमच्या बाबतीत खरी भीती वेगळी आहे. लांब सेटमध्ये बऱ्याचदा मांडीआधी दम संपतो, आणि दम गेला की कंबर गोल होते. बाराव्यानंतर प्रत्येक वेळी वर उभं राहून दोन श्वास घ्या. पाठ वाकली की आकडा विसरा, बार रॅकवर ठेवा.

धागाकर्ता :
आभार! काल मित्राला बाजूने शूटिंग करायला सांगितलं. सतराव्यालाच कंबर गोल! मला वाटत होतं पाठ ताठ आहे. आता १६ वर थांबतो. लेग प्रेसला (बसून पायांनी वजन ढकलायचं मशिन) पाठीला टेकू असतो, तिथे २० पूर्ण केले तर चालतील ना?