मुलांना घेऊन केंटवेल हॉलचा ट्युडर दिवस, जावं का?

आम्ही केंब्रिजजवळ राहतो, मुलं ७ आणि १० वर्षांची, शाळेत आठवा हेन्री चालू आहे. सफोकमधल्या केंटवेल हॉल या जुन्या वाड्यात ट्युडर काळातलं, म्हणजे साधारण सोळाव्या शतकातलं, रोजचं जगणं करून दाखवतात, तिथे कुणी गेलंय का? मुलं कंटाळतील का? आणि आम्ही शाकाहारी, तर खायचं काय?

सफोककर: ताई, नक्की जा!! १९७९ पासून करतायत ते, आणि तिथली माणसं नुसती कपडे घालून उभी नसतात, खरंच कामं करत असतात. माझी लेक लोकर कातणाऱ्या बाईंपाशी बसली ती उठेचना, त्यांनी तिच्या हातात टकळी दिली, धागा तुटला की परत जोडून द्यायच्या आणि सगळं बोलणं त्या काळातल्यासारखंच, मोबाइलचं विचारलं तर त्यांना कळतच नाही. मुलांना आधी सांगून ठेवा की बिनधास्त प्रश्न विचारा, गप्प राहिलात तर निम्मी मजा गेली. तारखा मात्र साइटवर बघूनच निघा, रोज नसतं हे.

आजीबाई: डबा न्या गं, दशम्या नि चटणी. स्वयंपाकघर चुकवू नका, तिथे बटाटा, टोमॅटो, मिरची शोधायला लावा मुलांना, त्या काळी तिकडे सामान्य घरात यातलं काहीच नव्हतं. मिरी मात्र श्रीमंतांकडे असायची, ती आपल्या मलबारकडची, हे सांगितलं की पोरांचे डोळे चमकतात.

सफोककर: आणि गमबूट न्या, पाऊस झाला की चिखल असतो. बाबागाडी नका नेऊ.