जिल्ह्याचा १९ वर्षांखालचा रग्बी संघ: पहिल्या रांगेत कोण?

आर्वीकर: भाऊ, १५ जण निवडायचे आहेत. बहुतेक पोरं कबड्डीची. सगळ्यात वजनदार तिघं पहिल्या रांगेत लावू का?

मैदानगडी: नका लावू, भाऊ. वजनाआधी मान अन् पाठ बघा. स्क्रममध्ये दोन्ही संघांचे आठ-आठ जण वाकून एकमेकांना ढकलतात; तिथं पहिल्या रांगेतल्या ३ नंबरच्या प्रॉपच्या (कडेच्या खेळाडूच्या) दोन्ही खांद्यांवर दाब येतो; पाठ वाकली की स्क्रम कोसळतो, मान दुखावते. सराव आधी एकास एक, मग तिघांस तिघे, मगच आठांस आठ. या वयात स्क्रम दीड मीटरपुढे ढकलायचा नाही.

वरुडवाला: कबड्डीवाले ६-७ नंबरला (फ्लँकर, स्क्रमच्या कडेचे) शोभतात, फक्त पकड खांद्याच्या वर गेली की पेनल्टी. ९ नंबरला (स्क्रममधून चेंडू बाहेर देणारा) उंची बघू नका; चेंडू मागे न ओढता जमिनीवरून डावी-उजवीकडे सारखाच पास देणारा घ्या.

आर्वीकर: अन् राखीव?

मैदानगडी: प्रॉप, हूकरचे (पहिल्या रांगेतल्या मधल्याचे) बदली त्या जागेचं शिकलेलेच हवेत. नाहीतर बिनढकलीचा स्क्रम होतो.