विषय: नवरोजला इराणी शेजाऱ्यांकडे बोलावलंय

नमस्कार मंडळी,
खालच्या मजल्यावरच्या इराणी फॅमिलीने नवरोजला बोलावलंय. काय न्यावं? टेबलावर लसूण आणि व्हिनेगर मांडतात म्हणे, पूजा असते का? आणि हे पारशांचं पतेतीच ना?

----

ताई, पतेती नाही हो. आपल्याकडचे बहुतेक पारशी शहेनशाही पंचांगवाले, त्यांचं नवं वर्ष ऑगस्टमधे. मार्चमधलं इराणी नवं वर्ष ते जमशेदी नवरोज, तेही ते साजरं करतातच.

पूजाबिजा नसते, पण थाट तेवढाच. हफ्त-सीन म्हणजे 'स'च्या सात वस्तू: सब्जे, समनू, सेंजेद (एक सुकं फळ), लसूण (सीर), सफरचंद (सीब), सुमाक (आंबट मसाला) आणि व्हिनेगर (सेर्के). लसूण आरोग्यासाठी, सेंजेदचं फळ प्रेमाचं, व्हिनेगर म्हणजे सबुरी, असं सांगतात, पण घरोघरी अर्थ बदलतो त्यामुळे पाठ करून जाऊ नका. खरी गंमत सब्जेत आहे, ताटलीत गहू नाहीतर मसूर भिजवून आधीपासून उगवतात, आपल्या घटाच्या धानासारखंच, आणि वर लाल रिबीन. गव्हाच्या अंकुरांचा रस पिठात घालून तासन् तास ढवळला की समनू, चिमूटभर साखर नाही तरी गोड लागतं!

वेळ मात्र नीट विचारून घ्या. वर्ष रात्री बाराला बदलत नाही, सूर्य विषुववृत्तावर येतो त्या क्षणी बदलतं, दरवर्षी पावणेसहा तासांच्या आसपास पुढे सरकतं, मग पहाटे तीन वाजले तरी सगळे नवे कपडे घालून टेबलाभोवती. मोठ्यांकडून पोरांना कोऱ्या नोटा मिळतात. न्यायला मिठाई किंवा हायसिंथच्या फुलांची कुंडी बेस्ट.

----

काका म्हणतात ते बरोबर, फक्त एक अ‍ॅड करते. नवरोजच्या आधीच्या शेवटच्या मंगळवारी संध्याकाळी आग पेटवून उड्या मारतात, 'माझा पिवळेपणा तुला, तुझी लाली मला' असं आगीलाच सांगत. बोलावलं तर जा पण सिंथेटिक ओढणी नको प्लीज!!
आणि नव्या वर्षाच्या तेराव्या दिवशी घरात थांबत नाहीत, पिकनिकला जाऊन ते सब्जे वाहत्या पाण्यात सोडतात, घरातली इडापिडा त्याने शोषलेली असते म्हणून. त्या दिवशी दुसऱ्याच्या सब्ज्याला हात लावायचा नाही, पोरांना आधीच बजावा.

----

थँक्यू दोघांना. हायसिंथ घेते. लाडू पण नेऊ का, बेसनाचे?

----

न्या की, त्यांचे नानखताईसारखे चण्याच्या पिठाचे 'नान-नोखोदची' असतातच टेबलावर, लगेच संपतील.