रेझिन तेलकट राहतंय अन् सिमेंटच्या बैलाची शिंगं तुटायलीत, काय चुकायलंय?

पत्र्याखालची, परभणी (२१ मे)

नमस्कार. लांबलचक लिहायलेय, कारण थोडक्यात विचारलं की "माप सांगा, पाणी कुठलं ते सांगा" असं चार दिवस चालतं.

गच्चीवर आमची पत्र्याची खोली आहे. तिथं दीड वर्षापासून साच्यातल्या वस्तू करते. रेझिनचे (दोन द्रव्यं कालवून ओतलं की कडक होतं ते) कोस्टर, किचेन, दारावरच्या पाट्या, सिमेंटच्या लहान कुंड्या. बचत गटाच्या स्टॉलवर विकते. जानेवारीत केलेले कोस्टर काचेसारखे निघाले होते. तेच रेझिन, तेच साचे, करणारी मीच. मे लागला अन् सगळं बिनसलं.

परवा तीनशे ग्रॅम रेझिन एकाच उभ्या ग्लासात कालवलं, म्हटलं सहा कोस्टर एका दमात उरकतील. दोन साचे भरले, तिसऱ्याला ग्लास उचलला तर हाताला चटका! धूर निघाला, ग्लास वाकडा झाला, आतलं पिवळं पडून तडकलं. सासूबाई खालून ओरडल्या, "आता काय जाळलंस गं?"

जे दोन भरले होते ते कडक झाले, पण वरून तेलकट. बोट लावलं की ठसा उमटतो. माप मी औषधाच्या बाटलीच्या झाकणानं घेते, दोन झाकणं रेझिनला एक झाकण हार्डनर, म्हणजे घट्ट करणारं दुसरं द्रव्य. बाटलीवर तेच लिहिलंय.

आता खरं दुखणं. आजोबांनी लाकडात कोरलेला वीतभर बैल आहे आमच्याकडं. खरे बैल विकून पंधरा वर्षं झाली, पोळ्याला आम्ही ह्याचीच पूजा करतो. त्याच्यावरून सिलिकॉनचा दोन भागांचा साचा घेतला, तो झकास उतरला, अगदी वशिंडाखालची वळी सुद्धा. पाच बैल ओतले. चौघांची शिंगं साच्यातच राहिली. पाचवा धड निघाला तर आठ दिवसांत अंगावर पांढरी भुकटी, भिंतीला लोणा लागतो तशी. एक वाटी सिमेंट, दोन वाट्या वाळू, पाणी बोअरचं, ओतता येईल इतकं. संध्याकाळी ओतते, सकाळी काढते.

पोळ्यापर्यंत पन्नास जोड्या देते म्हणून गटात बोलून बसलेय. हसू नका.

प्रयोगवही, बीड (२१ मे)

ताई, एकच सांगा आधी. रेझिन ओतताना खोलीत कूलर चालू असतो का?

पत्र्याखालची, परभणी (२१ मे)

हो तर. चव्वेचाळीस डिग्रीला पत्र्याखाली कूलरशिवाय माणूस बसंल का? साचे मी कूलरच्या पुढंच मांडते, थंड राहावेत म्हणून.

प्रयोगवही, बीड (२२ मे)

सापडला चोर. कूलर हवा थंड करतो ती पाणी उडवून. म्हणजे तुम्ही पावसाळाच साच्यावर सोडताय. तुमचं हे रेझिन इपॉक्सी जातीचं, त्याच्या हार्डनरमध्ये अमाइन नावाचं रसायन असतं. ओली हवा अन् हवेतला कार्बन डायऑक्साइड त्याला वरच्या वर गाठतात, आणि पृष्ठभागावर मेणचट थर बसतो. कोस्टर आतून कडक आहे म्हणताय ना, मग तो वाया गेलेला नाही. कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मऊ स्पंज. बहुतेक धुवून निघेल. त्यावर दुसरा थर द्यायचा असेल तर धुतल्याशिवाय देऊ नका, धरणार नाही. नखानं दाबून आतपर्यंत मऊ लागलं असतं तर गोष्ट वेगळी, ते मापाचं किंवा कालवण्याचं दुखणं.

मापावरूनही बोलतोच. बाटली हातात घेऊन बारीक अक्षरं वाचा, २:१ हे वजनानं आहे की आकारमानानं? रेझिन जड, हार्डनर हलकं. वजनाचं प्रमाण झाकणानं मोजलं तर हार्डनर कमी पडतं. दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या, सोनाराच्या काट्यासारखा.

धुराचं कारण सोपं आहे. रेझिन वाळत नाही, दोन्ही द्रव्यांची क्रिया होऊन घट्ट होतं, आणि त्या क्रियेत उष्णता निघते. उभ्या ग्लासात ती बाहेर पडत नाही. ग्लास तापला की क्रिया वाढते, क्रिया वाढली की ग्लास आणखी तापतो. बाटलीवरचा वेळ साधारण २५ अंशांसाठी दिलेला असतो. दर दहा अंशांना तो ढोबळमानानं निम्मा होतो असं धरून चला, म्हणजे चाळीस मिनिटांचं काम तुमच्याकडं दहा-बारा मिनिटांत उरकायला हवं. त्यामुळं पहाटे पाचला बसा, एका वेळी शंभर ग्रॅमच्या आत कालवा, अन् कालवलं की लगेच पसरट भांड्यात ओतून घ्या. बाटल्या माठाजवळ सावलीत ठेवा. फ्रीजमध्ये नको, गारठ्यानं रेझिनमध्ये साखरेसारखे खडे होतात.

गवंडीकाम, नांदेड (२२ मे)

रेझिनचं मला कळत नाही. बैलाचं सांगतो. तीस वर्षं साइटवर गेली.

बाई, तुम्ही बैल रात्रीत काढायलात, तिथंच शिंग गेलं. सिमेंटची गोणी बघा, पीपीसी लिहिलंय का? त्यात औष्णिक केंद्राची राख असते, आपल्या परळीत निघते तसली. ते सिमेंट चांगलं, पण ताकद सावकाश धरतं. दोन दिवस साच्यात राहू द्या. काढताना शिंगाला धरून ओढू नका, साचा जोडावर उघडून शिंगापासून सोलत या.

पाणी अंदाजानं हे पहिलं बंद करा. जास्तीचं पाणी उडून जातं अन् माल पोकळ करतं. एक किलो सिमेंट, दीड किलो पिठाच्या चाळणीनं चाळलेली वाळू, साडेचारशे मिली पाणी. घट्ट वाटंल. साचा टेबलावर ठेवून खालून बुक्क्या मारत राहा, बुडबुडे वर येतील अन् माल खाली बसंल. तरी पातळ पाहिजेच असंल तर दुकानात प्लास्टिसायझर मिळतं, थेंबभर लागतं, पण पाणी वाढवू नका. वाळू गंगाखेडकडची गोदावरीची मिळाली तर धुऊन घ्या, माती असते. क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) घेतली तरी चालंल.

शिंगाला आधी ब्रशनं माल भरा, मग बाइंडिंग तारेचा (सळया बांधायच्या बारीक तारेचा) तुकडा शिंगातून डोक्यापर्यंत वाकवून ठेवा, मग बाकीचं ओता. तार कुठं उघडी राहू नये, गंज येतो. चारी पायांना तेच.

लोणा बोअरच्या पाण्याचा, अन् थोडा सिमेंटच्या स्वतःच्या चुन्याचा. पाणी आतून क्षार घेऊन वर येतं, उडून जातं, क्षार अंगावर राहतो. कालवायला जारचं पाणी घ्या. पन्नास जोड्यांना लागून किती लागंल?

चौथा मजला, लातूर (२३ मे)

पाणी मारण्याचं, म्हणजे साच्यातून काढलेलं सिमेंट काही दिवस ओलं ठेवण्याचं, कुणी बोललं नाही. मेमध्ये दिवसातून तीनदा गोणपाट भिजवलं तरी दुपारी कोरडं ठणठणीत होतं अन् वस्तूला केसासारख्या भेगा पडतात. आम्ही २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलेले लोक, कुंडीवर पाणी ओतायचं म्हटलं की हात धजत नाही. मी साच्यातून काढलेली वस्तू एकदा भिजवते आणि प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून सात दिवस सावलीत ठेवते. आतलं पाणी आतच राहतं.

आणि ताई, हातमोजे घालता का? तुम्ही लिहिलं नाही म्हणून विचारते. मी आधी घालायची नाही. सहा महिने काही झालं नाही, मग मनगटापासून कोपरापर्यंत पुरळ. ही अ‍ॅलर्जी एकदा जडली की जात नाही म्हणे डॉक्टर, आणि खरंच आता हार्डनरची बाटली उघडली तरी खाज सुटते. रेझिन सोडलं मी, म्हणून सिमेंटवर आले. त्यालाही मोजे लागतातच, ओलं सिमेंट कातडी खातं. नायट्रिलचे घ्या.

दिवाळी_ऑर्डर, जालना (२३ मे)

मध्येच घुसतो. ह्याच साच्यांत रेझिनच्या पणत्या केल्या तर? रंगीत दिसतील.

प्रयोगवही, बीड (२३ मे)

अजिबात नको. गरम चहाचा कप ठेवला तरी बऱ्याच रेझिनवर गोल उठतो, ज्योतीला तर ते पेटेल. सिमेंटची करा अन् आत मातीची पणती बसवा, नाहीतर सिमेंट तेल पितं.

पत्र्याखालची, परभणी (९ जून)

उशिरा आले, पण करून आले.

कोस्टर धुतले. एक लख्ख झाला, दुसऱ्यावर माझ्या अंगठ्याचा ठसा कायमचा राहिलाय, तो मी घरी वापरते. बाटलीवर खरंच "वजनाने" लिहिलेलं निघालं, चष्मा लावून वाचलं. दीड वर्ष झाकणानं मोजत होते अन् जानेवारीतले चांगले कसे निघाले देव जाणे. पहाटे उठते, कूलर बंद, दार उघडं, साडेसहाला काम आटोपतं. मोजे आणले, घामानं आत तळं होतं, तरी घालते.

नांदेडच्या काकांच्या मापानं सहा बैल ओतले. माल साच्यात जाता जाईना, बुक्क्या मारून टेबलाचा पाय ढिला झाला. एकाच्या शेपटीत बुडबुडा राहिला, बाकी पाच दोन्ही शिंगांसकट निघाले. पिशवीत आहेत, आज सहावा दिवस. लोणा अजून तरी नाही.

एक बैल सासूबाईंना दाखवला. त्यांनी फिरवून फिरवून बघितला अन् म्हणाल्या, शिंग जाड केलंस, आपला बैल देवणी जातीचा होता, अंगावर काळे ठिपके होते. तार झाकायला शिंग जाड करावंच लागलं, ते कोण सांगणार. आता पांढऱ्या सिमेंटचा बैल करून त्यावर काळे ठिपके द्यायचं चाललंय. काका, ठिपके ओततानाच साच्यात आतून लावावेत की वरून रंगवावेत?

गवंडीकाम, नांदेड (९ जून)

आतून. पांढऱ्या सिमेंटात काळा ऑक्साइड (सिमेंटात कालवायचा रंग), सिमेंटच्या वजनाच्या शेकडा पाच, जास्त नको, माल कच्चा राहतो. घट्ट कालवून साच्याला ब्रशनं थापा, अर्धा तास थांबा, मग पांढरा माल ओता. अन् अर्ध्या जोड्या लाल ऑक्साइडच्या करा, आमच्या लाल कंधारी जातीच्या. नांदेडचं गिऱ्हाईक देवणी घेणार नाही.