रहस्यकथेचा काळोख आणि जादूनगरीतील विनोदी प्रेमकथा: या दोन आवडींचे नाते काय?

पानखूण (दांडिया बाजार, वडोदरा)

सर्वांना नमस्कार. मी औषधनिर्मितीच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीचे काम करते. दिवसभर नमुन्यांमधील दोष शोधून घरी आल्यावर, जेवणे आटोपली की मला दोनच प्रकारच्या कादंबऱ्या हाताशी लागतात. एक म्हणजे काळोखी रहस्यकथा, जिच्यात खून कोणी केला यापेक्षा त्या घरातील माणसे इतकी वर्षे गप्प का राहिली, हा प्रश्न मोठा असतो. दुसरी म्हणजे जादूनगरीत घडणारी विनोदी प्रेमकथा. अलीकडे वाचलेल्या अशा एका कादंबरीतील राजपुत्राला शाप आहे की खोटे बोलताच त्याला शिंक येईल. त्या शिंकांपायी दरबारात जे घडते ते वाचताना मी इतकी हसले की शेजारच्या खोलीतून सासूबाई विचारपूस करायला आल्या.

रहस्यकथा संपली की माझी झोप उडते आणि लगेच दुसरी रहस्यकथा उघडवत नाही. त्या वेळी केवळ ही हसवणारी पुस्तकेच मन ताळ्यावर आणतात. अशी दोन पुस्तके झाली की पुन्हा काळोखाची ओढ लागते. आमच्या वाचनगटातील एका ज्येष्ठ सदस्यांनी मात्र पहिली आवड विकृत आणि दुसरी पोरकट ठरवली, आणि दोन्ही एकाच माणसाला असणे हे अभिरुची घडलेली नसल्याचे लक्षण आहे, असे सर्वांसमोर सांगितले. मला ते लागले, कारण दोन्ही प्रकार मी मन लावून, टिपणे काढून वाचते.

माझे दोन प्रश्न आहेत. या दोन आवडींमध्ये खरोखरच काही नाते आहे का? आणि अनेक विनोदी जादूकथांमध्ये विनोद उत्तम असतो, जादूही रंजक असते, पण प्रेमिकांची ताटातूट मनाला स्पर्शही करत नाही, असे का होते?

जुना वाचक (रावपुरा, वडोदरा)

पानखूणताई, मी संस्कृतचा निवृत्त शिक्षक आहे. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भरतमुनींनी रसांची उत्पत्ती सांगितली आहे: शृंगारापासून हास्य, रौद्रापासून करुण, वीरापासून अद्भुत आणि बीभत्सापासून भयानक. आपल्या एका कादंबरीत शृंगार आणि त्यातूनच उपजलेले हास्य आहे, दुसरीत बीभत्स आणि त्यातून उपजलेले भय आहे. म्हणजे आपण ज्या दोन दारांतून ये-जा करता, ती एकाच वाड्याची आहेत. आपल्या गावाला या ग्रंथाचे विशेष अगत्य असावे, कारण अभिनवगुप्तांच्या टीकेसह त्याचा पहिला खंड 1926 मध्ये गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत इथूनच प्रसिद्ध झाला.

पण शास्त्रापेक्षा एक कथाच सांगतो. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने रचलेल्या कथासरित्सागरात वेताळाच्या पंचवीस कथा आहेत. राजा त्रिविक्रमसेन मध्यरात्री स्मशानातून खांद्यावर प्रेत वाहून नेत आहे, आणि प्रेतातला वेताळ त्याला कोडी घालत आहे. त्यांपैकी मंदारवतीची कथा पाहा. तिच्यावर तीन तरुणांचे प्रेम असते, आणि विवाहापूर्वीच ती मरण पावते. एक जण तिच्या राखेवर झोपू लागतो, दुसरा अस्थी गंगेला नेतो, तिसरा गोसावी होऊन भटकतो. भटकताना तो एका घरी जेवायला बसतो, तेव्हा घरधनीण किरकिऱ्या मुलाला रागाच्या भरात चुलीत टाकते. पाहुणा हादरून ताटावरून उठू लागतो, तर यजमान पोथीतला मंत्र म्हणून मूल जिवंत करतो आणि पाहुण्याला जेवण चालू ठेवायला सांगतो. रात्री पाहुणा ती पोथी पळवतो. मंदारवती जिवंत होते आणि तिघे भांडू लागतात. राजाचा निवाडा असा, की जीव देणारा पित्यासारखा, अस्थी नेणारा पुत्रासारखा, आणि राखेला कवटाळून राहिलेला तोच पती. स्मशान, कोडे, जादू, हसू आणि प्रेम हे सारे एका छोट्या कथेत नांदते, आणि तिला पोरकट म्हणण्याचे धाडस मला तरी होणार नाही.

तपासनीस (इंदूर)

जुना वाचक यांचे रसांविषयीचे विवेचन आवडले, तरी ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यात मिळत नाही, असे मला नम्रपणे वाटते. रहस्यकथेचा एक कडक नियम आहे: ज्या धाग्यावरून उलगडा व्हायचा, तो वाचकासमोर आधीच ठेवलेला असला पाहिजे. माझ्या मते विनोदी जादूकथेलाही नेमका हाच नियम लागू होतो. जादू काय करू शकते आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय करू शकत नाही, हे सुरुवातीला ठरले नसेल, तर कोणताही विरह खरा वाटणार नाही. लेखक वाटेल तेव्हा एखादी कांडी फिरवील, हे वाचकाला ठाऊक असते. मंदारवतीच्या कथेतही चुलीतले मूल आधी येते आणि मगच ती उठते. तो भीषण प्रसंग म्हणजे रहस्यकथेच्या भाषेत पुरावा आहे.

विनोदाबद्दल आणखी एक. प्रेमिकांच्या स्वभावातून निघालेले हसू त्यांना आपल्या जवळ आणते. पण पात्रेच आपल्या जगाची टिंगल करू लागली, की त्यांच्या दुःखावर आपला विश्वास बसत नाही. नवे पुस्तक घेताना मी पहिली दोन प्रकरणे दुकानातच उभ्याने वाचतो आणि एवढेच पाहतो.

कपाटाची किल्ली (मांडवी, वडोदरा)

पोरकटपणाच्या आरोपाबद्दल थोडेसे. आपल्या भाषेतील अगदी आरंभीच्या कादंबऱ्यांमध्ये 1861 ची ‘मुक्तामाला’ आहे आणि ती अद्भुतरम्य प्रेमकथाच आहे. तेव्हा या आवडीला मराठीत दीडशे वर्षांहून जुने घराणे आहे. चिमणरावांसारखा भाबडा, हसवणारा माणूस घडवणारे चिं. वि. जोशी तर बडोद्यात पाली भाषेचे प्राध्यापक होते. सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये अमेरिकेहून बोर्डन या ग्रंथपालांना बोलावून सार्वजनिक ग्रंथालयांची व्यवस्था उभी केली आणि पेट्यांतून पुस्तके गावोगाव पाठवली, ती सर्वसामान्य माणसाने आवडीने वाचावे म्हणून. झोपेसाठी एवढेच सुचवते, की रहस्यकथेची शेवटची पन्नास पाने रात्री वाचू नयेत. सुट्टीच्या सकाळी उन्हात बसून वाचावीत.

पानखूण (दांडिया बाजार, वडोदरा)

आपणा सर्वांचे मनापासून आभार. तपासनीस यांचा नियम मी काल दोन पुस्तकांना लावून पाहिला. ज्या कादंबरीने माझी निराशा केली होती, तिच्यात शाप मोडणारी अंगठी शेवटून दुसऱ्या प्रकरणात प्रथमच दिसते. तोवर तिचा उल्लेखही नाही. शिंकणाऱ्या राजपुत्राची अट मात्र चौथ्याच पानावर सांगितलेली आहे. तीनशे पाने आपण त्या शिंकांना हसत राहतो, आणि शेवटी नायिकेचा जीव वाचावा म्हणून तो भर दरबारात गंभीरपणे सांगतो, की माझे हिच्यावर कधीच प्रेम नव्हते. त्यानंतर तो शिंकू नये म्हणून श्वास रोखून उभा राहतो. तिथे मला रडू आले होते, आणि ते का आले, हे काल समजले.