फुकटचा अँटिव्हायरस टाकायचा, की विंडोजच्या डिफेंडरवरच भागवायचं?

रामबागकर (धागाकर्ता)

आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर परवा एकाने फुकट अँटिव्हायरसची लिंक टाकली. वर मजकूर: "सगळ्यांनी टाकून घ्या, बँकेचं काम सेफ होतं." दुपारपर्यंत खाली अंगठ्यांची रांग. तिथे वाद घातला तर दिवाळी मिलनाला तोंडं फिरवतील, म्हणून इथे घालतो.

माझं म्हणणं असं की घरी विंडोज १० किंवा ११ असेल तर बाहेरचा फुकट अँटिव्हायरस टाकूच नये. एक्सपी आणि सातच्या काळात गोष्ट वेगळी होती. तेव्हा विंडोजमध्ये पुरता अँटिव्हायरस नसायचा. मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये सिक्युरिटी एसेन्शियल्स हा अँटिव्हायरस काढला, पण तोही आपला आपण उतरवून घ्यावा लागे. २०१२ च्या विंडोज ८ पासून डिफेंडर हा मायक्रोसॉफ्टचाच अँटिव्हायरस आतच येतो. आपला हात मात्र अजून जुन्या सवयीने चालतो: नवीन मशीन आलं की आधी अँटिव्हायरस, मग बाकीचं.

दुसरं, फुकट देणाऱ्याचं पोट कशावर चालतं हे विचारायला नको का? अव्हास्टचं प्रकरण आठवा. लोक कोणत्या साइट बघतात याची माहिती त्यांच्याच जम्पशॉट या उपकंपनीमार्फत शंभरावर कंपन्यांना विकली गेली. जानेवारी २०२० मध्ये बातम्या फुटल्यावर जम्पशॉट गुंडाळलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्यांना १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले आणि जाहिरातीसाठी असा डेटा विकायला बंदी घातली. "हा नको तर दुसरा टाकतो" म्हणाल, तर अव्हास्ट, एव्हीजी, अव्हिरा आणि नॉर्टन हे चारही आता जेन डिजिटल या एकाच कंपनीचे आहेत.

सिल्व्हरमॉलवाला

साहेब, तुम्ही फायबरच्या नेटवर बसून बोलून राहिलेत. इथे सिल्व्हर मॉलमध्ये माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर येतात ती मशिनं एकदा बघा. चार जीबी रॅम, जुनी फिरती हार्ड डिस्क, आणि नेट म्हणजे मुलगा घरी असेल तेवढा वेळ त्याच्या मोबाइलचा हॉटस्पॉट. पेनड्राइव्ह मात्र दिवसभर आत-बाहेर. झेरॉक्सवाल्याकडे जातो, सरकारी फॉर्म भरायच्या एमपी ऑनलाइनच्या कियोस्कवर जातो, शाळेत जातो. परत येतो तेव्हा प्रत्येक फोल्डरच्या कोपऱ्यात बाण आणि साइझ १ केबी. खरं फोल्डर लपवलेलं असतं. बाणवाल्यावर डबल क्लिक केलं की आधी व्हायरस चालतो, मग मुकाट्याने खरं फोल्डरही उघडून देतो. त्यामुळे महिनोन्महिने कुणाला पत्ता लागत नाही.

डिफेंडरची खरी ताकद क्लाउडमध्ये आहे, म्हणजे नेटवरून मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला विचारण्यात. ऑस्ट्रियात इन्सब्रुकला एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज नावाची तपासणी संस्था आहे, ती नेट जोडून आणि नेट तोडून अशी दोन्ही तऱ्हांनी परीक्षा घेते. नेट तोडलं की डिफेंडरचे मार्क बिटडिफेंडर या दुसऱ्या कंपनीच्या अँटिव्हायरसच्या बरेच खाली येतात. आणि बिटडिफेंडरची फुकट आवृत्ती मिळते. मग माझ्या गिऱ्हाईकाला मी "डिफेंडर पुरे" कोणत्या तोंडाने सांगू?

शिवाय टास्क मॅनेजर उघडा. अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल नावाचे पाहुणे डिस्क शंभर टक्क्यांवर नेऊन बसलेले असतात. तोच डिफेंडर. इंदूरच्या छप्पन दुकानवर जाऊन पोहे खाऊन या, तरी एक्सेल उघडायचंच असतं.

सुदामानगरची

मला टेस्टचे मार्क वगैरे कळत नाहीत, पण घरात काय होतं ते सांगते. सासऱ्यांच्या कॉम्प्युटरवर एका भल्या माणसाने फुकट अँटिव्हायरस टाकून दिला होता. व्हायरस एकही सापडला नाही. रोज सकाळी कोपऱ्यातून लाल खिडकी मात्र वर यायची: तुमच्या कॉम्प्युटरमध्ये इतके इतके दोष आहेत, तुमचा पत्ता लोकांना दिसतो आहे, आत्ता दुरुस्त करा. दुरुस्त करायला गेलं की कार्डाचा नंबर मागायचा. बाबांचं बीपी १६० वर जायचं. "अगं, हे बघ, लोकांना आपला पत्ता दिसतोय" म्हणून मला स्वयंपाकघरातून बोलवायचे.

शेवटी तो काढला, तरी खिडक्या येतच राहिल्या. भाच्याने बघितलं तेव्हा कळलं की त्यातल्या निम्म्या अँटिव्हायरसच्या नव्हत्याच. बाबा पंचांग बघायला एका साइटवर गेले होते, तिथे "अलाउ" दाबलं होतं, आणि ती साइट क्रोमच्या नोटिफिकेशनमधून "तुमच्या अँटिव्हायरसची मुदत संपली" असं सांगायची. खऱ्या कंपनीचीही तीच भाषा आणि ठगाचीही तीच, मग ७६ वर्षांच्या माणसाने फरक कसा करायचा? क्रोमच्या सेटिंगमध्ये जाऊन सगळ्या साइटच्या नोटिफिकेशन बंद केल्या, तेव्हा घर शांत झालं.

निवृत्त_लेखापाल

तुम्ही सगळे फुकट या शब्दाभोवतीच का फिरताय? गाडीचा विमा भरता, तेव्हा कुरकुर नाही. वर्षाला थोडे पैसे टाका आणि पुण्याच्या क्विक हीलसारखा आपल्या माणसांचा माल घ्या. कैलाश आणि संजय काटकर या भावांनी कॅल्क्युलेटर-कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातून सुरुवात करून १९९५ मध्ये पहिला अँटिव्हायरस काढला, २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. अडलं तर फोन करून मराठी-हिंदीत बोलता येतं. तुमच्या डिफेंडरला फोन लावून दाखवा.

रामबागकर

काका, काटकर बंधूंबद्दल आदर आहेच. पण विकत घेणाऱ्याशी माझं भांडण नाही. फोनवर बोलायला माणूस हवा असेल तर जरूर घ्या. मी बोलतोय ते फुकटच्या नादाला लागणाऱ्यांबद्दल.

सिल्व्हरमॉलवाले, नेट नसताना डिफेंडर कमी पडतो हे मान्य. पण तुम्ही सांगितलेला बाणवाला व्हायरस ही जुनी, घासून गुळगुळीत झालेली जात. त्याच्या बहुतेक पिलावळीला ओळखायला क्लाउड लागत नाही, अधूनमधून अपडेट मिळालं तरी पुरतं. हार्ड डिस्कचं म्हणाल, तर ते दुखणं अँटिव्हायरस बदलून जात नाही. फिरती काढून वेगवान एसएसडी डिस्क घाला.

आणि एक गोष्ट कुणीच बोलत नाही. बाहेरचा अँटिव्हायरस टाकला की डिफेंडरचा चालू पहारा आपोआप बंद होतो. त्याच्याबरोबर कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेसही जातो. अनोळखी प्रोग्रॅमने डॉक्युमेंट्स, पिक्चर्स या फोल्डरांत हात घालू नये म्हणून ही सोय आहे. फोटो कुलूपबंद करून खंडणी मागणारे रॅन्समवेअर असतात, त्यांच्यासाठी नेमकी. मुळात ती बंदच असते, आपण सुरू करावी लागते. सुरू केल्यावर एखादा साधा प्रोग्रॅमही सेव्ह करताना अडतो, त्याला परवानगी द्यावी लागते. तेवढी कटकट मला चालते.

सिल्व्हरमॉलवाला

एसएसडी घाला म्हणणं सोपं आहे. ज्याने मशीनच सेकंडहँड घेतलंय त्याला सांगून बघा. आणि डेटाचं म्हणता, तर मायक्रोसॉफ्ट काय सोवळ्यात आहे? संशयास्पद फाइलींचे नमुने आपोआप पाठवायचं बटण डिफेंडरमध्ये आधीपासूनच चालू असतं. अव्हास्टवाले पकडले गेले, दंड झाला. त्यावरून सगळ्या फुकटवाल्यांना चोर ठरवणं मला पटत नाही.

विजयनगरचा_कोडर

दादा, संशयास्पद फाइल तपासायला पाठवणं आणि माणूस रात्री कोणत्या साइटवर होता ते विकणं, या दोन गोष्टी एका तागडीत घालू नका.

पण मला मॉलमधल्या मंडळींना वेगळंच विचारायचंय. ऑफिसातल्या सहकाऱ्यांची घरची मशिनं मी अधूनमधून बघतो. विंडोज सिक्युरिटीत व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, तिथे मॅनेज सेटिंग्ज, अगदी तळाशी एक्सक्लुजन्स. या यादीत जे असेल तिकडे डिफेंडर बघतच नाही. अनेकदा तिथे चक्क अख्खा सी ड्राइव्ह सापडतो! म्हणजे हिरवी टिकली दिसतेय, अपडेट येतंय, आणि पहारेकऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी. हे का होतं ते सगळ्यांना माहीत आहे. चोरीचं विंडोज टाकायचं, ते चालू करायला ॲक्टिव्हेटर चालवायचा. डिफेंडर तो पकडतो, म्हणून डिफेंडरलाच गप्प करायचं. वर गिऱ्हाईकाच्या समाधानासाठी एक फुकट अँटिव्हायरस. बरं, तो ॲक्टिव्हेटर कुठल्या टेलिग्राम चॅनेलवरून आला, त्यात आणखी काय भरलंय, याचा हिशेब कुणाकडे?

सिल्व्हरमॉलवाला

हे बघा भिया, सगळ्यांना एका काठीने हाकू नका. मी असलं करत नाही. पण खरं सांगू? "ओरिजिनल विंडोजचे पैसे वेगळे" म्हटलं की दहातले नऊ जण शेजारच्या दुकानाकडे बघतात. दोष फक्त टेबलाच्या या बाजूचा नाही. एक्सक्लुजन्सचं मात्र बरोबर बोललात. जो कुणी मशीन असेंबल करून घेतो त्याने घरी गेल्यावर पहिलं ते पान उघडावं.

लष्करकर_ग्वाल्हेर

मी ग्वाल्हेरहून. मंडळाची वार्षिक पत्रिका आम्ही अजून विंडोज ७ वर, जुन्या पेजमेकरमध्ये लावतो. जुने फॉन्ट, जुना प्रिंटर, नवीन मशीनवर काहीच धड चालत नाही. त्याच्यावर कोणता फुकट अँटिव्हायरस टाकू?

विजयनगरचा_कोडर

काका, कोणताही टाकला तरी भागणार नाही. विंडोज ७ ला जानेवारी २०२० पासून दुरुस्त्या येत नाहीत, क्रोमही १०९ व्या आवृत्तीवर थांबलं. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा रॅन्समवेअर आला, तेव्हा ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेलं होतं. ज्यांनी घेतलं नव्हतं ती मशिनं पडली, आणि त्यांत बहुतेक विंडोज ७. त्या मशीनचं नेट काढून टाका. फक्त पत्रिकेचं काम करू द्या. पीडीएफ पेनड्राइव्हवर घ्या आणि तो दुसऱ्या मशीनवर तपासूनच उघडा. मेल आणि बँक त्यावर अजिबात नको.

विंडोज १० वाल्यांनीही निवांत राहू नये. त्याची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. मायक्रोसॉफ्ट खातं जोडून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर जादा सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत पैसे न देता मिळतात. डिफेंडरच्या व्हायरस ओळखायच्या याद्या त्यानंतरही येत राहतील, पण खुद्द विंडोजची भोकं त्याने बुजत नाहीत.

निवृत्त_लेखापाल

बँकेत आयुष्य गेलं म्हणून सांगतो, हल्ली ओळखीतल्या ज्या ज्या घरात पैसे गेले तिथे व्हायरस नव्हताच. "सीबीआयमधून बोलतोय, तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय" असा व्हिडिओ कॉल, नाहीतर "केवायसीसाठी हे ॲप टाका" म्हणून पडदा आपल्या ताब्यात घेणारा. माणूस स्वतःच्या हाताने ओटीपी सांगतो. यात कुठला अँटिव्हायरस काय करणार? तसं झालंच तर त्याच मिनिटाला सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावा.

रामबागकर

काका, हेच तर! मग विकतचा घेऊन तरी काय साधलं?

निवृत्त_लेखापाल

गाडीला विमा असला म्हणून ब्रेक काढून टाकत नाही आपण. वाद जिंकायची घाई नको.

सुदामानगरची

भांडण चालू द्या, मला एक विचारायचंय. आमच्याकडे आता फक्त डिफेंडर आहे. एकदा पूर्ण झडती घ्यायची तर फुकटात, पण पुन्हा लाल खिडक्या न येता, काही आहे का?

विजयनगरचा_कोडर

ताई, डिफेंडरमध्येच स्कॅन ऑप्शन्समध्ये ऑफलाइन स्कॅन आहे. मशीन बंद होऊन चालू होतं आणि विंडोज उठायच्या आधी तपासणी होते, त्यामुळे लपून बसलेलंही सापडतं. काम सेव्ह करून मगच दाबा. दुसरं मत हवं असेल तर केंद्र सरकारचं सायबर स्वच्छता केंद्र आहे, २०१७ मध्ये सुरू झालेलं. त्यांच्या साइटवर क्विक हील, ईस्कॅन आणि के७ यांची साफसफाईची साधनं फुकट मिळतात. ती नेहमीच्या पहाऱ्यासाठी नाहीत, म्हणून डिफेंडरच्या जोडीला चालतात. साइटचा पत्ता नीट बघून घ्या, शेवटी जीओव्ही डॉट इन असलंच पाहिजे.

सिल्व्हरमॉलवाला

आणि ताई, त्याआधी ते एक्सक्लुजन्सचं पान बघून घ्या.

सुदामानगरची

बघितलं. सी ड्राइव्ह नाही, पण डाउनलोड्सचं फोल्डर आहे. आमच्यापैकी कुणी घातलेलं नाही. काढून टाकू?

सिल्व्हरमॉलवाला

विचारता काय, आत्ताच काढा. मग त्या फोल्डरवर उजवं क्लिक करून स्कॅन लावा. जे पकडेल त्याचं नाव इथे लिहा. मशीन कुठून घेतलं ते लिहू नका, उगाच धाग्याला टाळं लागेल.