एसजीपीटी नॉर्मल आलं तरी फिब-४ काढून घ्या

काहीजण म्हणतात की एसजीपीटी (रक्तात मोजतात ते लिव्हरचं एन्झाइम) नॉर्मल आलंय म्हणजे सोनोग्राफीत दिसलेल्या फॅटी लिव्हरचं टेन्शन नको, पण तसं नसतं हो, एन्झाइम नॉर्मल असूनही आत फायब्रोसिस (लिव्हरमध्ये व्रण पडून ते कडक होत जाणं) असू शकतो आणि खरा धोका नुसत्या चरबीपेक्षा त्याचाच जास्त. वय, एसजीओटी (असंच दुसरं एन्झाइम), एसजीपीटी आणि प्लेटलेट एवढ्यावरून फिब-४ स्कोअर निघतो, डॉक्टरांना तो बघायला सांगा, १.३ च्या खाली असेल तर पुढे गेलेला फायब्रोसिस बहुतेक नसतो (पासष्टीनंतर ही मर्यादा २ धरतात), स्कोअर त्याच्या वर आला तर फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी) करतात. वजन जास्त असेल तर ७ ते १० टक्के उतरवलं की लिव्हरची सूजसुद्धा कमी होते, पण क्रॅश डाएट अजिबात नको, झपाट्याने वजन उतरलं तर लिव्हर उलट बिघडू शकतं. दारू घेत असाल तर बंदच करा, प्लीज. आणि शुगर तपासलीत का?